सात नंबरच्या गल्लीतला ठिपका

इथल्या जुन्या मेंबरांना माझ्या कॉमेंट आठवत असतील. कुणी "माळ्यावर पावलं वाजली" असं लिहिलं की खाली मी हजर — "उंदीर असतील." कुणी "छातीवर कोणीतरी बसलं होतं" म्हणालं की मी — "जेवणात वडे होते का?" एका ताईंनी चिडून मला लिहिलं होतं की तुमच्यावर वेळ येईल तेव्हा कळेल. ताई, आली. तुमची माफी मागते आणि मुद्द्यावर येते.

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर 'भूत' हा शब्द टाइप करतानाही मला लाज वाटते. म्हणून जे रेकॉर्ड झालं, जे मी स्वतः मोजलं आणि जे माझ्यासमोर बोललं गेलं तेवढंच लिहिते. नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

मी भिवंडीजवळच्या वळ गावची. आमच्याकडे जिथे भात पिकायचा तिथे आता गोडाऊनं पिकतात, आणि गावातली निम्मी माणसं त्याच गोडाऊनांत ड्युटीला जातात. मी जाते ते गोडाऊन वडप्याला, नाशिक हायवेला लागून. तिथे मी ट्रेनर आहे. नव्या माणसांना स्कॅनर कसा धरायचा, माल कसा उचलायचा हे शिकवते. माझा मोठा भाऊ, दिनूदादा, तिथेच फोर्कलिफ्ट चालवायचा. तो माझ्याआधीपासून होता, मी तीन वर्षांपूर्वी लागले. वडील लवकर गेले, त्यामुळे मला शाळेत सोडण्यापासून ते माझ्या नवऱ्याची चौकशी करण्यापर्यंत सगळं दादानेच केलं. परवापरवापर्यंत आम्ही एकाच स्कूटरवरून कामाला जायचो आणि रस्ताभर भांडायचो.

आमच्याकडे रॅकच्या दोन रांगांमधल्या वाटेला गल्ली म्हणतात. अशा बारा गल्ल्या आहेत. पिकर म्हणजे ऑर्डरप्रमाणे रॅकमधून माल काढणारी माणसं. यंदा ऑर्डरमध्ये चुका फार वाढल्या होत्या. गिऱ्हाइकाने बिस्किटं मागवावी आणि त्याला साबण जावा. वरून मॅनेजरांना फोन, मॅनेजरांचा मला. त्यांना शनिवारपर्यंत रिपोर्ट हवा होता की नेमकी कोणती माणसं निष्काळजी आहेत. ज्यांची नावं येतील त्यांचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर बंद.

यादीत पहिलं नाव होतं रेहानाचं.

रेहाना बावीस-तेवीस वर्षांची, भिवंडी शहरातली, कोकणी मुसलमान घरातली. वडील लूमवर होते, आता दम्याने घरी बसलेले. घर हिच्या पगारावर चालतं. कामाला अतिशय नीट मुलगी, कधी उशीर नाही, फोनवर टाइमपास नाही. आणि चुका सगळ्यात जास्त. मी तिला बोलावून आकडे दाखवले तेव्हा ती रडली-बिडली नाही. म्हणाली, मॅडम, बाकीच्या गल्ल्यांमधली माझी एक तरी चूक काढून दाखवा. मी बघितलं. खरंच नव्हती. सगळ्या चुका सात नंबरच्या गल्लीतल्या. तिथे काय होतं असं विचारलं तर म्हणाली, माहीत नाही, हातात भलतंच येतं.

त्याच सुमारास एका कंपनीने आमच्याकडे महिनाभर ट्रायलला चष्मे दिले होते. दिसायला साधे सेफ्टी गॉगल, पण त्यात बारीक कॅमेरे. एक समोरचं शूट करतो आणि आतले दोन तुमच्या बुबुळांवर नजर ठेवून असतात. नंतर लॅपटॉपवर व्हिडिओ लावला की त्यात एक लाल ठिपका हिंडताना दिसतो. ज्या क्षणी तुमची नजर जिथे होती, नेमका तिथे.

त्यांचा इंजिनीअर पुण्याचा, बोलका माणूस. पहिल्या दिवशी त्याने मलाच चष्मा घालून गोडाऊनमधून एक चक्कर मारायला लावली आणि विचारलं, काय बघितलंत? मी म्हटलं, रॅकचे नंबर, दुसरं काय बघायचंय! मग व्हिडिओ लावला. ठिपका बेडकासारखा उड्या मारत होता... पावडरच्या खोक्यावरचं बाळ, तेलाच्या बाटलीवरची बाई, अगरबत्तीच्या पुड्यावरचा देव, माल चढवायच्या डॉकवर उभ्या ट्रकच्या मागे चिकटवलेला कुणा पुढाऱ्याचा अर्धा फाटलेला फोटो. यातलं एकही बघितल्याचं मला आठवत नव्हतं. तो म्हणाला, चेहऱ्याचं असंच असतं. आपल्याला वाटतं आपण ठरवतो आणि मग बघतो. चेहरा असला की डोळा आधीच पोचलेला असतो, पापणी लवायच्या आत, आणि कित्येकदा आपल्याला पत्ताही नसतो. चेहरा बघतानाची चालही ठरलेली — एक डोळा, दुसरा डोळा, मग खाली तोंड, पुन्हा वर.

आम्हाला गंमतच वाटली. शंकर नावाचा आमचा एक पिकर आहे, नुकतंच लग्न झालेला. त्याचा ठिपका शाम्पूच्या खोक्यावरच्या नटीपाशी इतका रेंगाळला की पॅकिंगच्या बायकांनी त्याला आठवडाभर सळो की पळो करून सोडलं.

मंगळवारी मी रेहानाला चष्मा दिला. दुपारी जेवणानंतर ट्रेनिंग रूममध्ये बसून तिचं रेकॉर्डिंग बघायला लागले. सहा गल्ल्या अगदी सरळ. नंबर, खोकं, स्कॅनर, नंबर, खोकं, स्कॅनर. मग ती सातमध्ये शिरली. चौदा नंबरच्या रॅकजवळ आली आणि ठिपका एकदम वर उडाला. वर म्हणजे रॅकवर नाही, गल्लीच्या मधोमध, हवेत. तिथे काहीही नव्हतं. मागे लांबवर पत्र्याची भिंत, बस्स. ठिपका तिथे थांबला. डावीकडे... उजवीकडे... खाली... परत डावीकडे. मी मोजलं, चार सेकंद. मग तो खाली आला आणि तिचा हात शेजारच्या खणात गेला. चूक झाली ती तिथे.

दिवसभरात ती त्या गल्लीत पाच वेळा गेली होती. पाचही वेळा हेच.

मी तिला विचारलं की वर काय बघत होतीस. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी चुकीचं बोलले. म्हणाली, मी कशाला वर बघू मॅडम, माझा माल तर खाली असतो! ती खोटं बोलत नव्हती. इतकी वर्षं नवी माणसं हाताळतेय, एवढं तर मला कळतं.

अर्थात माझ्या डोक्यात भूतबित काही आलं नाही. कबुतर असेल. दिव्याची तिरीप असेल. चष्मा बिघडला असेल. इंजिनीअरने चष्मा पुन्हा सेट केला, दुसरा चष्माही काढून दिला. बुधवारी मी शंकरला घातला. त्याचाही ठिपका तिथेच उडाला. मग आणखी सहा जणांना, कुणालाही काही न सांगता. सगळ्यांचा. फरक एवढाच की बाकीच्यांचा ठिपका अर्धा सेकंद थांबून परत यायचा आणि रेहानाचा तीन-चार सेकंद हलायचा नाही. वर बघितल्याचं एकालाही आठवत नव्हतं.

त्या सॉफ्टवेअरची एक सोय होती. व्हिडिओत चेहरा आला की त्याभोवती ते आपोआप हिरवी चौकट काढायचं. बाळाभोवती, नटीभोवती, देवाभोवतीसुद्धा. त्या हवेतल्या जागेभोवती चौकट नव्हती. मशिनला तिथे काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त माणसांच्या डोळ्यांना.

इंजिनीअरने सगळ्यांचे ठिपके एकावर एक टाकले. स्क्रीनवर तीन पुंजके उमटले. दोन वर, एक खाली. त्याने तिन्ही पुंजक्यांवरून बोट फिरवलं. म्हणाला, "मॅडम, हे लोक तिथे चेहरा बघतायत."

"कुणाचा?" मी विचारलं. त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली.

मग मी स्वतः चष्मा घातला. हट्टाने. म्हटलं, बघू कोण माझ्याकडून वर बघवून घेतंय ते! नजर खणांच्या नंबरांवर घट्ट धरून मी सातमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मला शपथेवर सांगता आलं असतं की मी एकदाही वर बघितलं नाही. रेकॉर्डिंगमध्ये माझा ठिपका चौदा नंबरपाशी टुणकन वर गेला आणि परत आला. आपले डोळे आपल्याला न विचारता कुठेतरी जाऊन आले, आणि तिथे काय बघून आले हे आपल्यालाच सांगत नाहीत... त्याची भीती शब्दात सांगता येत नाही मला.

मी लेझर मीटर आणून उंची मोजली. तो चेहरा, म्हणजे ती जागा, जमिनीपासून बारा फुटांवर होती. खाली गुळगुळीत फरशी, वर ना तुळई ना दिवा. तिथे चेहरा असायला माणूस उभा तरी कशावर राहणार, हे मला काही केल्या समजेना.

राहिले होते ते फोर्कलिफ्टवाले. तिघांपैकी दोघांनी चष्मा घातला, त्यांचेही ठिपके वर गेले. दादा मात्र पहिल्या दिवसापासून टाळत होता. डोकं दुखतं, नंबर लागलाय, मना नको तो चष्मा. गुरुवारी मी बहिणीच्या हक्काने त्याच्या नाकावर चष्मा चढवला आणि दम दिला की दिवसभर काढायचा नाही.

संध्याकाळी त्याचं रेकॉर्डिंग लावलं. फोर्कलिफ्टवाल्याची नजर सतत वर-खाली होत असते, करावीच लागते. पुढचे दोन लोखंडी फोर्क माल घेऊन वीस-पंचवीस फूट वर जातात, तो माल रॅकमध्ये नीट बसला का ते बघायला नको का? सगळ्या गल्ल्यांत दादाचा ठिपका मालाबरोबर वर चढत होता, मालाबरोबर उतरत होता. सात नंबरच्या गल्लीत शिरला आणि ठिपका फरशीवर खिळला. माल वर चालला होता, दादा बघत होता फरशीकडे. चौथ्या थरावर त्याने मालाखालचं लाकडी पॅलेट अंदाजाने सरकवलं. मान वर नाही, डोळा वर नाही.

आधी मी भडकले. असं आंधळ्यासारखं काम कुणी नव्या पोराने केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. मग रेकॉर्डिंग परत मागे घेऊन बघितलं. दहा माणसांचे डोळे तिथे गेले होते. मला माहीत असून, मी ठरवूनसुद्धा माझे गेले. एकट्या दादाचे गेले नाहीत. तिकडे न बघण्याची एवढी पक्की सवय लागायला त्याला तिथे काय आहे हे केव्हापासून ठाऊक असलं पाहिजे...

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्याला ट्रेनिंग रूममध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. काही विचारलं नाही. रेहानाचं रेकॉर्डिंग लावलं. ठिपका वर गेला तसा दादा खुर्चीत मागे सरकला.

"बंद कर," तो म्हणाला.

मी बंद केलं. त्याने टेबलावरचा डबा बाजूला सारला. मग म्हणाला, "तुना दिसते ती?"

"कोण ती? मला काही दिसत नाही दादा, कुणालाच दिसत नाही. तुला दिसतं?"

"मी वर बघतच न्हाय. पन ती हाय. मना ठावं हाय ती हाय."

आता हे जे सांगते त्यात माझाही भाग आहे, तो लपवून चालणार नाही. नव्या माणसांच्या पहिल्या दिवसाच्या क्लासमध्ये मी एक स्लाइड दाखवायचे. 'निष्काळजीपणाचे परिणाम.' मी येण्याच्या दोन वर्षं आधी आमच्या गोडाऊनमध्ये एका कामगार बाईचा अपघात झाला होता. शिडी न घेता ती स्वतःच रॅकवर चढली, पडली आणि गेली, असं त्यात लिहिलेलं होतं. आधीच्या ट्रेनरने बनवलेली स्लाइड, मी तशीच चालू ठेवली. मला गोष्ट रंगवून सांगायची सवय आहे, तीही रंगवून सांगायचे. बघा, एका मिनिटाचा आळस केला आणि काय झालं!

ती स्वतः चढलीच नव्हती. दादाने तिला चढवलं होतं.

तेव्हाही जेवणाचीच सुट्टी होती. डॉकवर ट्रक उभा, एक खोकं कमी, आणि ते खोकं सात नंबरच्या गल्लीत दुसऱ्या थरावर. शिडी कुठे होती देव जाणे. त्या वेळचा सुपरवायझर म्हणाला, हिला पॅलेटवर उभी कर आणि वर घे, दोन मिनिटांचं काम आहे. ज्यांनी गोडाऊनमध्ये काम केलंय त्यांना हे माहीत असेल. फोर्कवर रिकामं लाकडी पॅलेट ठेवायचं, त्यावर माणूस उभा करायचा आणि लिफ्टसारखं वर न्यायचं. सक्त मनाई आहे, आणि घाई असली की सगळीकडे चालतं. दादाने तिला सात फूट वर नेलं. सात फुटांवर पॅलेट, त्यावर पाच फुटांची बाई. मी मनातल्या मनात बेरीज केली. बारा.

पॅलेटची एक फळी मोडली. पडण्याआधी ती त्याच्याकडे बघत होती, एवढं दादा दोनदा म्हणाला. तो खाली सीटवर, ती वर, दोघांची नजरानजर, आणि फोर्क खाली घ्यायचा हाताशी असलेला दांडा ओढायचं त्याला सुचलं नाही. गल्लीत तेव्हा कॅमेरा नव्हता. सुपरवायझरने सांगितलं की ती स्वतः चढली असं बोलायचं, नाहीतर लायसन जाईल आणि आत बसशील. दादा तेच बोलला. महिनाभराने सुपरवायझर नोकरी सोडून गेला. दादा राहिला, रोज त्याच गल्लीत.

"नाव काय होतं तिचं?" मी विचारलं. इतकी वर्षं तिची गोष्ट सांगत आले आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं.

"शमीमआपा," दादा म्हणाला. मग लॅपटॉपकडे बोट करून, "ही तिचीच पोरगी. मीच शब्द टाकून लावली हिला कामाला. मना वाटला, तेवढा तरी करावा."

रेहाना माझ्या क्लासमध्ये बसली होती. पहिल्या रांगेत. मी तिच्यासमोर तिच्या आईच्या मरणाची गोष्ट हातवारे करून सांगितली होती, आळशी बाई म्हणून, आणि ती गप्प बसून वहीत लिहून घेत होती. आणि आता मी तिच्याच नावापुढे 'निष्काळजी' लिहायला निघाले होते.

मी दादाला म्हटलं, उद्या रिपोर्ट जाणार आहे. त्यात काय लिहायचं ते मी बघते. पण तिला तू सांगायचंस. मी सांगणार नाही आणि तुझ्या बाजूने बोलणारही नाही. तो म्हणाला, दोन दिवस दे. मी दिले नाहीत. माझ्यासाठी जन्मभर ज्याने सगळं केलं त्याला मी दोन दिवस दिले नाहीत, याचं मला वाईट वाटतं. तरीही परत तेच करीन.

शनिवारी सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी त्याने तिला सांगितलं. मी दाराशी उभी होते. तो खाली बघून बोलत होता. ती त्याला चाचा म्हणायची, त्याच्या डब्यातली सुकटीची चटणी हक्काने खायची. सगळं ऐकून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "अम्मी स्वतःहून चढली नव्हती?"

"न्हाय. मी चढवली."

"अब्बू पाच साल से हर जुम्मे को कब्रस्तानला जातात आणि घरी येऊन तिलाच बोलतात. एवढी घाई कशाला केलीस, पोरीचा विचार नाही आला का म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "मला सांगून काय होणार चाचा? अब्बूसमोर येऊन बोला."

दादा तिच्या घरी गेला. मीही बरोबर होते. लूमची खडखड सगळ्या मोहल्ल्यात भरून राहिलेली, तिच्या घरात ओरडून बोलावं लागत होतं, आणि दादाला ते सगळं ओरडून सांगावं लागलं. मधे वडिलांना नीट ऐकू आलं नाही म्हणून 'मी चढवली' हे त्याला दोनदा म्हणावं लागलं. तिचे वडील उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. आतून रडल्याचा आवाज लूमच्या आवाजातूनही ऐकू येत होता. रेहानाने आम्हाला पाणी दिलं नाही, जा असंही म्हणाली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. दादाने लेखी जबाब दिला, मॅनेजरांकडे आणि पोलिसांकडेही. चौकशी चालू आहे, त्यावर इथे बोलत नाही. त्याला फोर्कलिफ्टवरून उतरवलं. माझ्या रिपोर्टमध्ये कुणाचंही नाव गेलं नाही. सात नंबरची गल्ली महिनाभर पिकिंगसाठी बंद ठेवा, एवढंच मी लिहिलं, आणि त्यासोबत ती स्लाइड काढून टाकल्याचं. रेहानाला दुसऱ्याच दिवसापासून पॅकिंगला घेतलं. ती कामाला येते. माझ्याशी कामापुरतं बोलते.

दादाचा नोकरीतला शेवटचा दिवस होता तेव्हा तो सामान न्यायला आला आणि स्वतःहून मला म्हणाला, तो चष्मा हाय का अजून? ट्रायलचा शेवटचा आठवडा होता, चष्मा होता. "एकदा वर बघतो," म्हणाला. "तू ठेव रेकॉर्ड."

सकाळचे अकरा वाजले असतील. गोडाऊनची सगळी शटर उघडी, लख्ख उजेड. दादाची फोर्कलिफ्ट पलीकडे चार्जिंगला लावलेली, सातमध्ये एकही मशिन नाही. तो एकटाच चालत आत गेला. मी गल्लीच्या तोंडाशी थांबले. मला दिसलं ते एवढंच — माझा भाऊ चौदा नंबरपाशी उभा राहिला, मान वर केली आणि हात जोडले. काही वेळाने मान खाली आणत हळूहळू वळला, पॅकिंगच्या दिशेला बघत उभा राहिला, आणि मग चष्मा काढून माझ्या हातात देऊन निघून गेला. काय दिसलं हे मी विचारलं. त्याने डोकं हलवलं, आणि ते हो होतं की नाही हे मला कळलं नाही.

रेकॉर्डिंग मी त्याच दुपारी बघितलं. त्यानंतर किती वेळा बघितलं त्याचा हिशोब नाही.

इंजिनीअरने मला नंतर एक गोष्ट समजावून सांगितली ती इथे सांगायला हवी. माणसाचा डोळा नेहमी उड्या मारत फिरतो. इथून तिथे, तिथून इथे. एका संथ सरळ रेषेत तो आपल्या मनाने फिरूच शकत नाही, तुम्ही रिकाम्या भिंतीवर करून बघा, जमणार नाही. तशी संथ नजर तेव्हाच फिरते जेव्हा समोर खरोखर काहीतरी हलत असतं आणि डोळा त्याच्या मागे मागे जातो.

व्हिडिओत दादाचा ठिपका वर जातो. बारा फुटांवर, त्याच जागी. डावा, उजवा, खाली... डावा, उजवा, खाली. बराच वेळ. त्याचा आवाज रेकॉर्ड झालाय, अगदी हलका. "माझी चूक झाली आपा. उतरवतो हं. सावकाश." आणि ठिपका खाली यायला लागतो. एकही उडी नाही. संथ, सरळ, फोर्क उतरतात त्याच वेगाने. बारा फूट, दहा, आठ, आणि साधारण पाच फुटांवर येऊन थांबतो. क्षणभर तिथेच. मग तो गल्लीतून बाहेर सरकायला लागतो, माणूस चालतो त्या गतीने, दादाच्या बाजूने, माझ्याही बाजूने. मी तिथे उभी होते. मला वाऱ्याची झुळूकही लागली नाही.

मला याचं काहीही स्पष्टीकरण देता येत नाही. इंजिनीअर म्हणतो मशिनची चूक नाही. डोळ्यांच्या एका डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला, ते म्हणाले, हा माणूस नक्की कशाच्या तरी मागे बघतोय, समोर कोण होतं? मी म्हटलं, कोणी नाही. त्यानंतर सातमध्ये नऊ जणांना चष्मा घालून पाठवलं. एकाचाही ठिपका वर गेला नाही. कुणाला काही शास्त्रीय कारण सुचत असेल तर जरूर लिहा, उंदीर म्हणालात तरी मी रागावणार नाही.

फक्त व्हिडिओचे शेवटचे काही सेकंद राहिले सांगायचे. ठिपका सरकत सरकत पॅकिंगच्या टेबलांपाशी जातो. तिथे रेहाना आमच्याकडे पाठ करून खोक्याला टेप लावतेय. आत काय चाललंय हे तिला माहीत नव्हतं, तिला कुणी सांगितलं नव्हतं. ठिपका तिच्या अगदी शेजारी, तिच्या खांद्याला लागून असलेल्या रिकाम्या जागेत, तिच्याच उंचीला येऊन थांबतो. आणि रेहाना टेप खाली ठेवते, मान त्या बाजूला वळवते आणि तशीच बघत राहते.

चार सेकंद. तिने चष्मा घातलेला नव्हता, त्यामुळे तिने काय बघितलं याचं रेकॉर्डिंग नाही. तिला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.